तुटक रेषा

वडील गेल्यावर माळ्यावरून पत्र्याची नळी निघाली.
आत एक नदी.
गुंडाळून राहायची इतकी सवय झालेली तिला
की चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या
तरी मधूनच पाठ उचलत होती.

हिराजी वैती, आरेखक,
चेंदणी कोळीवाडा, ठाणे.
एकतीस वर्षं नकाशाच्या कचेरीत, उत्तरेच्या पानांवर,
जिथे झाडाची खूण काढायची वेळच येत नाही.
ही नदी त्यांनी सात महिने काढली
निळ्या शाईने, श्वास धरून,
आणि कधी पाहिली नाही.

आजी विचारायची, "खारी का गोरी?"
"गोरी गो आये. बर्फाची."
"मावरं हाय तिच्यान?"
"नकाशान मावरं नसतं."
मग आजीचा रस संपायचा.

आमच्याशी मात्र ते तिच्याबद्दल बोलत
दूर दिलेल्या बहिणीबद्दल बोलावं तसं.
वर, हिमनदीच्या तोंडाशी, दगडाच्या पिठाने पांढुरकी.
खाली पठारावर तिच्या अकरा वेण्या सुटतात,
दरवर्षी वेगळ्या,
म्हणून तिथला काठ ठिपक्यांनी काढायचा.
उतार फक्त सकाळी.
दुपारी वर बर्फ सुटतं, संध्याकाळपर्यंत खाली पोचतं,
खेचराच्या गुडघ्याचं पाणी छातीला लागतं.
"म्हणजे भरती," मी म्हटलं होतं, दहा वर्षांची असेन.
निब पुसता पुसता ते थांबले.
"भरतीच. पण चंद्राची नव्हे, उन्हाची."
तेवढ्यावर ती नदी आमच्या नात्यात आली.

इतिहास समासात आहे, पेन्सिलीने,
कुणा जुन्या मोजणीदाराच्या वहीतून उतरवलेला.
मिठाच्या पिशव्या पाठीवर घेऊन उतरणाऱ्या मेंढ्या.
पुरात गेलेला मठ, त्याची एकच भिंत.
नाव विचारलं तर मेंढपाळ म्हणाला "छू",
म्हणजे पाणी,
आणि साहेबाने तेच मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.
पुढे एक खेचर वाहून गेलं, पाठीवरच्या पानांसकट.
तिथून आठ मैल नदी कुणालाच ठाऊक नाही.
तिथे तुटक रेषा.

तुटक रेषासुद्धा कुठून तरी न्यावी लागते.
हे त्यांनी एकदाच सांगितलं,
निवृत्तीनंतर, बोंबील साफ करताना, मान वर न करता.
त्या साली आमच्या मागच्या दारची खाडी भरावाखाली जात होती.
आजोबांची होडी ओहोटीला जिथे कलंडून बसायची
ते वळण,
मग तिवरांपाशी आत घेतलेली कंबर,
मग दगडी पायऱ्यांपर्यंत सरळ.
"आठ मैलांत बसवली.
प्रमाण सोडलं तर तंतोतंत."
वरच्यांनी सही केली.
तिकडे कोण जाणार होतं बघायला?

पुढच्या आवृत्तीला आकाशातून फोटो आले.
नदी तिथे वळतच नाही,
दोन कड्यांमधून सुरीसारखी जाते.
दुरुस्ती त्यांच्याच टेबलावर आली.
ब्लेडने खरवडलं, नखाने घोटून कागद गुळगुळीत केला,
अखंड रेष ओढली.
आईला आठवतं, एका संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाले,
"आज खाडी बुजवली."
तिला वाटलं, नगरपालिकेबद्दल बोलतायत.

हे पान जुन्या आवृत्तीचं.
कचेरीतून कसं आणलं, विचारायला आता कोणी नाही.
मी बोट ठेवते.
जिथे सोसायटीच्या गाड्या लागतात, तिथे होडी.
जिथे जिना उतरतो, तिथे तिवरं.
समुद्रसपाटीपासून उंची: चौदा हजार दोनशे फूट.

खाली कुणीतरी हॉर्न वाजवतंय, माझीच गाडी आडवी असणार.
वाट्या उचलते. कागद आधी उत्तरेकडून मिटत येतो.
साडेनऊ वाजलेत.
तिकडे अजून उतार असेल.